चकती बसेपर्यंत

रस्त्याला खड्डा आपोआप पडत नाही. तसा पडत असता तर त्यासाठी एक अख्खं खातं लागलं नसतं, आणि त्या खात्याला तीन मजली इमारत लागली नसती. खड्डा घडावा लागतो. त्याला वेळ द्यावा लागतो, पाणी लागतं, वजन लागतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे नीट बघून पुढे निघून जाणारी माणसं लागतात. यातलं काहीही कधी कमी पडू न देणाऱ्या एका शहराच्या रस्ते खात्यात चकतीसाहेब एकतीस वर्षं नोकरी करत होते.

चकतीसाहेब हे अर्थातच लोकांनी ठेवलेलं नाव. ते खात्याचे खड्डे मोजणारे अधिकारी. (मोजणारा एक, बुजवणारे नऊ, बुजवणाऱ्यांवर देखरेख करणारे चौदा.) खड्डा कशाला म्हणायचं यावरून पूर्वी शहरात फार वाद होत. जो आपटे तो खड्डा म्हणे, आणि ज्याच्या हद्दीत आपटे तो 'किंचित उथळ भाग' म्हणे. शेवटी खात्यानं एक चकती करून घेतली. जाड लाकडाची, लोखंडी कडेची, जेवणाच्या ताटाएवढी रुंद आणि चार बोटं उंच. ही चकती आत ठेवल्यावर रस्त्याच्या पातळीला बसली, तर तो खड्डा. केसभर जरी वर राहिली, तर तो रस्ता. इतकी स्वच्छ व्याख्या माणसानं आजवर दुसऱ्या कशाचीच केलेली नाही. सुखाची नाही, न्यायाची तर नाहीच नाही. तेव्हापासून वाद मिटले. आपटणारे आपटत राहिले, पण आपण कशात आपटलो हे त्यांना लेखी मिळू लागलं.

चकती संपूर्ण शहरात एकच होती. चकतीसाहेब ती कापडी पिशवीत घालून खांद्याला लावून हिंडत. गेल्या एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही चकती दाबून बसवली नव्हती की उचलून धरली नव्हती. नगराध्यक्षांच्या बंगल्यासमोरचा खड्डा सुपारीएवढ्या फरकानं त्यांनी नापास केला होता, आणि त्या वेळी नगराध्यक्ष स्वतः त्यात उभे होते.

खड्डा कसा तयार होतो, यावर खात्यानं एक माहितीपत्रक काढलं आहे. त्याची भाषा जरा जड आहे, पण मथितार्थ असा. पहिली अवस्था भेगेची. भेग केसाएवढी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते, त्यामुळे ती कोणीतरी कळवलीच असेल असं सगळ्यांना वाटतं. दुसऱ्या अवस्थेत भेगेला भेगा फुटून जाळी होते. मग पाणी आत शिरतं आणि खालची माती हळूहळू धुऊन नेतं. वरून मात्र रस्ता धडधाकट दिसतो. (बाहेरगावच्या पाहुण्यांना रस्ता दाखवायचा तो याच अवस्थेत.) त्यानंतर एखादं जड वाहन वरून जातं आणि खपली निघावी तसा डांबराचा तुकडा निघून येतो. खडी मोकळी होते, चाकांबरोबर उडते. शेवटच्या अवस्थेत चकती बसते.

खात्याच्या आकडेवारीनुसार नोंदल्या गेलेल्या शंभर खड्ड्यांपैकी शंभर खड्डे आधी भेग होते. भेगेत चमचाभर पातळ डांबर ओतलं तर पुढचं काहीच घडत नाही, हेही खात्याला ठाऊक आहे. एका समितीनं दोन वर्षं प्रयोग करून ते सिद्ध केलं होतं. परंतु समिती दूरदृष्टीची होती. वर्षभरात किती खड्डे बुजवले यावर खात्याचं काम जोखलं जातं. भेगा बुजवल्या तर खड्डे पडणार नाहीत, खड्डे पडले नाहीत तर ते बुजवता येणार नाहीत, आणि वर्षअखेरीला खातं नुसतं बसून होतं असा गैरसमज पसरेल. या कारणास्तव भेगेसाठी अर्जाचा नमुना अद्याप तयार करण्यात आलेला नाही, आणि ज्याला नमुना नाही ते काम कोणी करत नाही.

चकतीसाहेबांच्या पत्नी परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. स्कूटरवरून घरोघर जाऊन त्या इंजेक्शनं देत, जखमा धुऊन पट्ट्या बदलत. त्यांच्याकडे येणाऱ्या कामात गुडघे जास्त, त्याखालोखाल कोपरं आणि मनगटं. जेवताना नवरा-बायको दिवसभरातलं एकमेकांना सांगत. साहेब म्हणत, आज बाजारामागच्या वळणावर एक नोंदला. सिस्टर म्हणत, त्या वळणावरची माझ्याकडे तीन माणसं आहेत, पहिलं तर बरं होऊन पुन्हा हिंडायलाही लागलं. दोघांच्या याद्या तंतोतंत जुळत. सिस्टरांची यादी फक्त सहा महिने पुढे असे.

अशा या घराच्या फाटकासमोर एक दिवस भेग पडली.

ती प्रथम सिस्टरांनीच पाहिली. स्कूटर बाहेर काढून त्या जिथे पाय टेकत, बरोबर तिथे. त्यांनी आत येऊन नवऱ्याला सांगितलं, की तुमच्या गोदामातून वाटीभर डांबर आणा, मी ओतते चमच्यानं, पाच मिनिटांचं काम. साहेबांनी त्यांना खाली बसवून सगळी पद्धत समजावून सांगितली. भेगेला नमुना का नाही, समितीचं म्हणणं काय होतं, गोदामातून नमुन्याशिवाय काडीसुद्धा का बाहेर पडत नाही, आणि ज्यानं स्वतः एकतीस वर्षं नियम पाळले त्यानं स्वतःच्याच फाटकासमोर ते मोडले तर लोक काय म्हणतील. सिस्टर पट्टीचं कापड कापता कापता ऐकत होत्या.

"म्हणजे मी पडेपर्यंत थांबायचं," त्या म्हणाल्या.

"तू कशाला पडशील? चकती बसेपर्यंत."

साहेबांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कोणी समजू नये. सकाळी स्कूटर फाटकाबाहेर निघे तेव्हा ते चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहत, आणि चाक त्या जागेवरून सुखरूप पुढे गेलं की मगच पहिला घोट घेत. सहा महिने त्यांनी कोमट चहा प्यायला. पण प्रेम ही खासगी बाब आहे आणि चकती सार्वजनिक.

त्यांनी त्या भेगेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. रोज सकाळी तोंड धुण्याआधी ते फाटकाबाहेर उकिडवे बसत आणि बोट घालून खोली बघत. पहिल्या महिन्यात नख गेलं. तिसऱ्या महिन्यात जाळी धरली. चौथ्या महिन्यात खपली निघाली त्या दिवशी ते ऑफिसात जरा खुशीत होते. शेजारीपाजारी विचारत, काय साहेब, कधी व्हायचं याचं? साहेब म्हणत, अजून लहान आहे. सिस्टर मात्र त्या दिवसापासून हँडल डावीकडे वळवून, भिंतीला खेटून जाऊ लागल्या, आणि त्यांचं बघून गल्लीतले सगळेच. यामुळे खड्ड्याची डावी कड झिजेना. साहेबांना याचं वाईट वाटे, पण बायकोला ते कोणत्या तोंडानं सांगणार?

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. तीस वर्षं त्यांनी मुलांना गणित शिकवलं होतं, आणि समोर चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका रविवारी ते घमेलंभर विटांचे तुकडे घेऊन खड्ड्यापाशी आले. साहेब अंघोळ अर्धवट टाकून, टॉवेल गुंडाळून धावले. त्यांनी मास्तरांचं घमेलं धरलं आणि कळवळून सांगितलं, की तुम्ही तुकडे टाकलेत की खोली दोन बोटांवर येणार, चकती वर राहणार, आणि सहा महिने झालेली वाढ मातीमोल होणार. मग हा खड्डा कायमचा रस्ताच राहील.

मास्तरांनी घमेलं खाली ठेवलं आणि विचार केला. गणिताचा माणूस तो. खड्डा बुजवायचा असेल तर तो नोंदला गेला पाहिजे. नोंदला जायचा तर मोठा झाला पाहिजे. म्हणजे खड्डा बुजवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग तो मोठा करणं हा होय. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. परवानगीशिवाय खड्डा बुजवण्यास सक्त मनाई होती. वाढवण्याबद्दल पुस्तकात चकार शब्द नव्हता.

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या पायऱ्यांवर गल्लीची सभा भरली. पाण्याशिवाय खड्डा पोसत नाही, हे माहितीपत्रकात छापलेलंच होतं, म्हणून प्रत्येक घरानं पाळीपाळीनं रोज एक बादली धुण्याचं पाणी खड्ड्यात ओतावं असं ठरलं. पाण्याच्या टँकरवाल्याला विनंती करण्यात आली, की त्यानं गाडी वळवताना मागचं चाक मेहेरबानी करून तिथेच टेकवावं. सिस्टर सभेला आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की एवढ्या बादल्या ओतायच्याच आहेत तर एक सिमेंटची का ओतत नाही. सगळे समजूतदारपणे हसले. पद्धत माहीत नसलेल्या माणसाला असे प्रश्न पडतातच. मास्तरांनी बादल्यांचं वेळापत्रक आखून भिंतीवर लावलं. गल्लीत गेल्या दहा वर्षांत एकमतानं झालेलं हे पहिलंच काम. कोपऱ्यावरचे शिंपी अर्धीच बादली ओततात, यावरून दोन दिवस कुरबुर झाली, तेवढीच.

खड्ड्यानं अंग धरलं. तीन आठवड्यांनी साहेबांनी मोजणीचा दिवस नेमला. बादलीचं पाणी कपड्यानं टिपून घेतलं गेलं. सगळी गल्ली गोल करून उभी राहिली. साहेबांनी पिशवीतून चकती काढली, पुसली, आणि दोन्ही हातांनी अलगद आत ठेवली. मग त्यांनी रस्त्याला गाल लावून एक डोळा मिटला.

चकती वर होती. एका नाण्याच्या जाडीएवढी. तळाशी डावीकडे एक खडा अजून मातीला धरून होता.

जरा दाबा हो, असं मास्तर हळूच म्हणाले. शिंपी म्हणाले, पायानं तो खडा हलवला तर कोण बघतंय. साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. एकतीस वर्षांत कधी दाबली नाही, ती आज स्वतःच्या दारात दाबू? त्यांनी तिथेच मांडीवर वही ठेवून शेरा लिहिला: 'सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता रस्ता सुस्थितीत आढळून आला.' खाली सही केली, तारीख घातली. मान वर केली तेव्हा सिस्टर फाटकात उभ्या होत्या. त्यांनी फाटक आतून लावून घेतलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हे असं पूर्वी दोनदाच झालं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या बाईंची जखम उघडली म्हणून सिस्टरांना फोन आला. त्या घाईनं निघाल्या. शिंप्यांची पाळी होती, आणि बोलणी खाल्ल्यामुळे त्या दिवशी त्यांनी बादली काठोकाठ ओतली होती. पाणी रस्त्याच्या पातळीला येऊन शांत चमकत होतं. डावीकडे भिंतीला खेटून टँकर उभा होता. वळायला जागा नव्हती. सिस्टर सरळ गेल्या.

साहेब जेवायला घरी आले होते. आवाज ऐकून ते जिना उतरून धावले. पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खांद्याला पिशवी आहे. बाहेर पडताना ती उचलायची त्यांच्या हाताला सवय होती.

सिस्टर ओल्या कपड्यांनी रस्त्यावर बसल्या होत्या. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातात धरलं होतं, आणि ते मोडलं आहे हे इतकी मनगटं बघितल्यामुळे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"आणलीच आहे तर ठेवून बघा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पिशवीतून चकती काढली. आणि ठेवली. स्कूटर आडवी होताना तिच्या स्टँडनं तो शेवटचा खडा उखडला होता. चकती पाणी बाहेर सारत आत गेली आणि रस्त्याच्या पातळीला अगदी नेमकी बसली. एक क्षणभर साहेबांना आनंद झाला. ही गोष्ट त्यांनी पुढे कोणालाही सांगितली नाही. सिस्टरांना सांगायची गरज नव्हती; त्या समोर बसून त्यांचं तोंड बघत होत्या.

यानंतरचं काम खात्यानं ज्या तत्परतेनं केलं त्याला तोड नाही. खड्डा नोंदवण्याच्या नमुन्यात खड्डा निर्माण झाल्याची वेळ लिहावी लागते. चकती बसली बारा वाजून दहा मिनिटांनी. सिस्टर पडल्या बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे त्या पडल्या तेव्हा खड्डा अस्तित्वात नव्हता. रस्ता सुस्थितीत असल्याचा शेरा चारच दिवसांपूर्वी, सहीनिशी, दप्तरी होता. पुढचा रकाना खड्ड्याच्या कारणाचा. साहेबांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. ते खोटं कधीच लिहीत नसत. त्यांनी लिहिलं: 'दुचाकीचा स्टँड.'

आठ दिवसांनी सिस्टरांच्या नावे खात्याची नोटीस निघाली. सुस्थितीतील सार्वजनिक रस्त्यास आपण खड्डा का पाडला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. पत्ता वाचून जावक कारकुनानं टपालाचा खटाटोप वाचवला आणि पाकीट साहेबांच्याच हातात दिलं. साहेबांनी ते घरी आणून जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवलं, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना त्या शेऱ्याखालच्या स्वतःच्या सहीची लाज वाटली. फार लाज वाटली. सिस्टरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून ते म्हणाले, तू सांग, मी लिहितो.

"नको. तुमचं अक्षर फार स्वच्छ आहे."

त्यांनी डाव्या हातानं लिहिलं. दोन तास लागले. ओळी वर-खाली गेल्या होत्या, पण मजकूर वाचता येत होता. 'खड्डा मी एकटीनं पाडलेला नाही. भेग केसाएवढी होती तेव्हाच मी ती पाहिली. नवऱ्याला सांगितलं, आणि माझं काम झालं असं समजून रोज बाजूनं जात राहिले. घरात चमचा होता, डांबर दुकानात मिळतं. नवरा रोज बोट घालून बघत होता. शेजारी पाणी ओतत होते. ज्यांनी पाणी ओतलं नाही ते गाडी वळवून जात होते. माझ्यामागून येणारे तर मी वळते म्हणून वळत होते. एवढ्या सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाचं श्रेय एकट्या स्टँडला देऊ नये.'

खात्याला इतका परिपूर्ण खुलासा पूर्वी कधीच आला नव्हता. तो शब्दशः मान्य करण्यात आला. नऊ जणांनी येऊन खड्डा बुजवला आणि चौदा जणांनी तो बुजलेला पाहिला.

तिसऱ्या दिवशी नव्या डांबराच्या कडेला एक केस दिसला. साहेब नेहमीप्रमाणे उकिडवे बसले होते. त्यांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. मग ते उठून भर सकाळी गोदामात गेले. गोदामवाल्यानं नमुना क्रमांक विचारला, तेव्हा ते म्हणाले की तो नाही, आणि डबाभर डांबर घेऊन तसेच बाहेर पडले. स्वयंपाकघरातला मोठा चमचा घेऊन ते रस्त्यावर गुडघे टेकून बसले आणि ओतू लागले. सिस्टर प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून फाटकाशी उभ्या होत्या.

"कडेला अजून थोडं," त्या म्हणाल्या. साहेबांनी कडेला अजून थोडं ओतलं. त्यांचा चहा त्या दिवशीही गार झाला, आणि तो दोघांनी मिळून प्यायला.

विनानमुना दुरुस्ती केल्याबद्दल साहेबांची चौकशी सुरू आहे. ती रखडण्याचं कारण इतकंच, की भेग बुजल्यामुळे ती होती याचा पुरावा मिळत नाही. खात्याच्या इतिहासात असा गुन्हा पहिलाच असल्यानं दंडाचा नमुनाही तयार नाही.

सिस्टरांचा खुलासा मान्य झाल्यामुळे त्यात उल्लेख असलेल्या सर्वांना नोटिसा पाठवणं खात्याला भाग होतं. मास्तरांना गेली, शिंप्यांना गेली, टँकरवाल्याला गेली. आता 'गाडी वळवून जाणारे' या सदराखालची यादी चालू आहे, आणि ती एका गल्लीपुरती ठेवण्यासारखा नियम पुस्तकात सापडलेला नाही. आज घरातून निघाल्यावर एका ठिकाणी आपणही हँडल किंचित बाजूला घेतलंत, किंवा चालत असाल तर पाय थोडा लांब टाकलात. रोजच टाकता. तिथे काय आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि कोणीतरी कळवलंच असेल असंही आपल्याला वाटतं आहे. नोटीस दोन-चार दिवसांत पोचेल. खुलासा सात दिवसांत अपेक्षित आहे. उजवा हात अजून शाबूत असेल तर त्यानं लिहिलात तरी चालेल.